घेताना हवा, देताना भोपळा

‘सांभाळून’ या शब्दाइतका निरुपयोगी शब्द मराठीत दुसरा नसेल. जिन्यावर तेल सांडलेलं असतं, आपण पहिल्या पायरीवर घसरून बसल्या बसल्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचतो आणि मग वरून आवाज येतो, ‘‘अहो, सांभाळून!’’ हा शब्द नेहमी दुसऱ्याला उद्देशून असतो. म्हणणारा तो म्हणून मोकळा होतो आणि पुढचं सगळं ऐकणाऱ्याच्या अंगावर पडतं.

या ‘सांभाळून’चा परदेशी जाऊन आलेला धाकटा भाऊ म्हणजे ‘फ्रॅजाइल’. तांबड्या अक्षरांत छापलेला, खोक्याच्या चारी अंगांना चिकटवलेला, शेजारी तुटक्या पेल्याचं नाहीतर अख्ख्या पेल्याचं चित्र. हे पेल्याचं चित्र आंतरराष्ट्रीय आहे. जगातल्या कुठल्याही बंदरावरच्या, कुठलीही भाषा बोलणाऱ्या हमालाला ते कळावं अशी योजना आहे. आमच्याकडच्या एका हमालाला मी विचारलं, ‘‘या चित्राचा अर्थ काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘परमिट रूम.’’

माझं म्हणणं असं आहे, की नाजूक वस्तू परदेशी पाठवण्याचा हा जो जगन्मान्य व्यवहार आहे, तो साफ एकतर्फी आहे. वस्तू नाजूक आहे म्हणून जास्त पैसे आपण द्यायचे, आणि वस्तू नाजूक होती म्हणून फुटल्याचं खापरही आपल्याच डोक्यावर फुटायचं. हे मी हवेत बोलत नाही. अर्थात हवेचाही या व्यवहारात मोठा हात आहे, त्याकडे येतोच.

मी मिरजेत एका बँकेत कारकून आहे. मिरजेची ख्याती तीन गोष्टींबद्दल : जंक्शन, दवाखाने आणि तंतुवाद्यं. पहिल्या दोन्ही ठिकाणी माणसाला ताटकळावं लागतं; तिसऱ्या ठिकाणी जीव रमतो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी हत्यारांचा घरचा धंदा सोडून वाद्यांना हात घातला, तेव्हापासून इथे सतारी आणि तंबोरे बनतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता दुसऱ्या कुणी ‘मिरजेचा’ म्हणून तंबोरा विकता कामा नये. मिरजेचा तंबोरा मिरजेबाहेर अख्खा कसा पोचवावा, याबद्दल मात्र मानांकनात काही म्हटलेलं नाही.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वाळलेला, आतून पोकळ, सालीला अंड्याच्या टरफलाचा मोठा भाऊ म्हणावा असा. त्याला दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या, घोडी लावायची, जवारी काढायची. जवारी काढणारा कारागीर अर्धा दिवस एका सुतासाठी आणि एका सुरासाठी खाली मान घालून बसलेला मी पाहिलाय. आणि विठोबाच्या मुलखातला हा भोपळा मग निघतो न्यू जर्सीला.

आपल्या गोष्टीतली म्हातारी लेकीच्या घरून भोपळ्यात बसून निघाली आणि वाघ-कोल्ह्यांच्या रानातून घरी आली. लहानपणी मला म्हातारीच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. आता भोपळ्याचं वाटतं. ना गादी, ना विमा, ना पावती. त्याच्यावर ‘फ्रॅजाइल’ लिहिलेलं नव्हतं हे एका दृष्टीनं बरंच झालं. वाघानं ते वाचलं असतं तर नक्की आपटून पाहिलं असतं.

आता हिशेब. मी बी. कॉम. आहे, मला राग आला तरी तो मी दोन रकान्यांत मांडतो.

तंबोरा चार-साडेचार किलोचा. त्याची फायबरची पेटी, भोवती फोम, बाहेर जाड पुठ्ठ्याचं खोकं, सगळं मिळून बारा किलो धरा. कुरियरवाला खोकं काट्यावर चढवतो. काट्यावर १२ दिसतात. आपल्याला हायसं वाटतं. तेवढ्यात तो खिशातून टेप काढतो. लांबी १५० सेंटिमीटर, रुंदी ५०, उंची ५०. गुणाकार ३,७५,०००. त्याला भागिले ५०००.

‘‘साहेब, पंचाहत्तर किलो.’’

याला ‘व्हॉल्युमेट्रिक वेट’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर हवेचं वजन. बारा किलो माल आणि त्रेसष्ट किलो हवा. काटा आणि टेप यांत जो आकडा मोठा, तो बिलावर चढतो. भाडं वाद्याच्या किमतीच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं. मिरजेची हवा चांगली म्हणून पूर्वी क्षयाचे रोगी इथे येत, हे मला ठाऊक आहे. पण ती इतक्या चढ्या भावानं अमेरिकेला धाडावी अशी कुणाचीच मागणी नव्हती.

बरं, कंपनीचं छापील पत्रक सांगतं, ‘नाजूक वस्तूभोवती भरपूर गादी असावी.’ आपण आज्ञाधारक. चारी बाजूंनी, वर आणि खाली पाच-पाच सेंटिमीटर फोम वाढवतो. खोकं होतं १६० बाय ६० बाय ६०. पुन्हा गुणाकार, पुन्हा भागाकार : ११५.२ किलो! फोमचं वजन वाढलं किलोभर, बिलाचं वजन वाढलं चाळीस किलो. म्हणजे जो जास्त काळजी घेतो त्याला जास्त दंड. आमच्या बँकेतसुद्धा इतका उलटा नियम नाही, आणि उलट्या नियमांच्या बाबतीत आम्ही कुणाला हार जाणारे नव्हे.

आता कुरियरवाल्यांची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल कारकुनानं एकाच पक्षाचं खातं लिहिलं. ते म्हणतात, विमानात जागा मोजकी असते. कापसाचे गठ्ठे भरले तर वजन होत नाही, पण विमान भरतं. मग जागेचं भाडं नको? हवं. मला हे शंभर टक्के मान्य आहे. एस.टी.त दोन माणसांची जागा अडवून बसणाऱ्यानं दोन तिकिटं काढावीत, या मताचा मी आहे. या कबुलीवर एक रेघ मारून ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

मागे एकदा आमच्या एका वृद्ध सतारमेकर चाचांचा तंबोरा टोरोंटोतल्या एका विद्यार्थिनीकडे निघाला. तारा सैल केलेल्या, घोडी काढून वेगळी गुंडाळलेली, भोपळा लेकराच्या टाळूसारखा जपलेला. पोचला तेव्हा भोपळ्याला वरपासून खालपर्यंत भेग. चाचा बँकेत आले. ‘‘साहेब, तुम्ही इंग्रजीत कागद लिहा. मराठीत सांगून बघितलं, ते हसतात.’’

मी कागद लिहिला. उत्तर आलं : पॅकिंग अपुरं होतं. पुरावा? वस्तू फुटली. वस्तू फुटली, अर्थी पॅकिंग अपुरं. पॅकिंग पुरेसं असतं तर वस्तू फुटली नसती. तर्कशास्त्राच्या परीक्षेत याला भोपळा मिळाला असता. इथे ते कंपनीचं धोरण होतं.

चाचांच्या नातवानं पॅकिंग करताना पायरीपायरीनं फोटो काढले होते. ते सगळे पाठवले. दुसरं उत्तर आलं : पॅकिंग समाधानकारक दिसते, सबब नुकसान वस्तूच्या अंगभूत स्वभावामुळे झाले असावे. म्हणजे पॅकिंग वाईट असेल तर दोष पॅकिंगचा, आणि पॅकिंग चांगलं असेल तर दोष भोपळ्याचा. हजारो मैलांचा प्रवास करून भोपळ्यानं स्वतःच्या स्वभावानं आत्महत्या केली!

मी तिसरं पत्र लिहिलं. तिसरं उत्तर : माल सुस्थितीत मिळाल्याची सही आहे. ती सही त्या मुलीनं दारात, बंद खोकं हातात घेताना, मोबाइलएवढ्या काचेवर बोटानं केलेली. बोटानं केलेली सही ही सही नसून रांगोळी असते, हे कुठल्याही बँकवाल्याला विचारा.

चाचांनी तिन्ही पत्रं ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘साहेब, पॅकिंगचा कसूर नाही, भोपळ्याचा नाही. मग राहिलं कोण?’’

‘‘सही करणारी,’’ मी म्हणालो.

शेवटी कंपनीनं मोठं मन केलं. पुढच्या पार्सलवर दहा टक्के सूट दिली. म्हणजे दुसरा तंबोरा फोडून घेण्याचा दर नव्वद टक्के.

आता कुणी म्हणेल, कायदा नाही का? आहे. विमानानं जाणाऱ्या मालासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे. भारत त्यात २००९ साली सामील झाला. माल विमान कंपनीच्या ताब्यात असताना बिघडला तर जबाबदारी तिची, असं त्यात सुरुवातीला छान म्हटलंय. मग दोन ओळींवर अपवाद : मालाचा अंगभूत दोष किंवा स्वभाव, आणि दुसऱ्यानं केलेलं सदोष पॅकिंग. चाचांना आलेली पहिली दोन उत्तरं कुठून उगवली ते कळलं ना? आणखी एक अट : तक्रार माल हाती आल्यापासून चौदा दिवसांत, लेखी. न केल्यास माल ठीकठाक पोचला असं गृहीत. त्या मुलीनं तिसऱ्या दिवशीच लेखी तक्रार केली होती, म्हणून तर निदान दहा टक्के पदरात पडले.

पण खरी गंमत भरपाईच्या रकमेत आहे. तिला कमाल मर्यादा आहे : किलोमागे २६ एसडीआर. डिसेंबर २०२४ पूर्वी ती २२ होती. हा एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा हिशेबी पैसा. तो कुणी पाहिलेला नाही, कुणाच्या खिशात नसतो, पण सगळे त्याचं नाव आदरानं घेतात. पगारवाढीच्या थकबाकीसारखं. सव्वाशे रुपयांच्या आसपास एक, असा धरून चालू. आता किलोमागे म्हणजे कुठल्या किलोमागे? पंचाहत्तर? छे! करारात खोक्याचं वजन लिहिलंय. हवेच्या वजनाचा तिथे पत्ताही नाही. म्हणजे बारा किलो. बारा गुणिले सव्वीस, ३१२ एसडीआर. एकोणचाळीस हजार रुपये, तेही जास्तीत जास्त. तंबोरा साठ हजारांचा असला तरी.

मघाची रेघ आठवते? जागा अडली म्हणून पंचाहत्तर किलोंचं भाडं घ्या, मी मान्य केलं होतं. मग फुटल्यावरही पंचाहत्तर किलोच मोजा ना! तेव्हा टेप कुठे जातो? घेताना टेप आणि देताना काटा, हा कुठला न्याय? आमच्या मंडईत असे दोन मापांचे व्यवहार करणाऱ्या भाजीवाल्याला बायका तिथल्या तिथे उभा आडवा घेतात. इथे त्याच व्यवहाराला टॅरिफ म्हणतात आणि आपण त्याच्यावर बोटानं रांगोळी काढतो.

यावर त्यांचं उत्तर तयार असतं : जास्त रक्कम हवी तर आधी मूल्य जाहीर करा आणि जादा पैसे भरा. बरोबर आहे, करारात तशी सोय आहे. पण बुकिंगच्या टेबलावर ‘‘काका, मूल्य जाहीर करताय का?’’ असं विचारणारा महात्मा मला अजून भेटायचाय. आणि तुम्ही विचारलंत की तो कागद उलटा करतो. मागे बारीक अक्षरांत वगळलेल्या वस्तूंची यादी असते. काच, चिनी माती, पुतळे, वाद्यं. म्हणजे जे फुटतं ते सोडून सगळ्याचा विमा. बादलीचा विमा होईल, खलबत्त्याचा होईल, वरवंट्याचा तर आनंदानं होईल.

‘‘मग जहाजानं पाठवा,’’ असा सल्ला शहाणी माणसं देतात. जहाजाला भाडं कमी, हे खरं. वेळ मात्र त्याच्या मर्जीचा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. त्या वेळी मिरजेचा भोपळा वास्को द गामाच्या वाटेनं उलटा गेला. शिवाय लाकडी खोकं करायचं तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं हवं आणि त्यावर कणसाच्या चित्राचा शिक्का हवा. का, तर आपल्याकडची कीड तिकडे जाऊ नये. कीड जाऊ नये म्हणून सगळं जग एका कायद्याखाली एकवटलं. भोपळा अख्खा जावा म्हणून कुणी एकवटत नाही.

आणि समुद्राचा एक प्राचीन नियम आहे, त्याला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च आला, तर ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी तो वाटून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस बसलं, तेव्हा मालकांनी हाच नियम पुढे केला. म्हणजे तुमची वस्तू फुटली तर खर्च तुमचा, आणि न फुटता सुखरूप राहिली तर त्या आनंदाप्रीत्यर्थ वर्गणीही तुमचीच.

त्यात सरकारं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी काढून घेतली. नियमांचा उलगडा होईना, तेव्हा आपल्या टपाल खात्यानं तिकडची पार्सलं थांबवली, ती ऐन गणपतीच्या दोन दिवस आधी. सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवाळीत किती चकल्यांनी इकडेच देह ठेवला असेल, त्याची नोंद नाही.

राहता राहिला आपला मराठमोळा उपाय : ‘‘कुणी जाणारं आहे का हो?’’ या उपायाला मी पूर्वी हसत असे, आता हसत नाही. कारण तोच करार प्रवाशाच्या सामानाला किलो-बिलो न पाहता माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत भरपाई देतो. म्हणजे तंबोरा एकटा गेला तर एकोणचाळीस हजारांचा, आणि कुणाच्या तरी मेहुण्याबरोबर गेला तर जवळजवळ एक लाख नव्वद हजारांपर्यंतचा! मेहुण्याची किंमत मला प्रथमच कळली. फक्त विमानतळावर ‘नाजूक वस्तू, आमची जबाबदारी नाही’ अशी चिठ्ठी पुढे करतात, ती मेहुण्यानं न वाचता सही करू नये. मेहुणे वाचत नाहीत, ही अडचण आहे.

आमच्या बँकेचंही सांगतो, नाहीतर म्हणाल घरचं झाकलं. परदेशी व्यापाराच्या पतपत्रांचे जे जागतिक नियम बँका पाळतात, त्यांत स्वच्छ लिहिलंय : बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. तंबोरा फुटला, बुडाला, वाघानं खाल्ला, तरी कागदावर ‘तंबोरा’ असेल आणि बाकीचे कागद जुळत असतील तर पैसे मिळतात. उलट तंबोरा अख्खा, सुरेल, आणि एका कागदावर ‘तंबोरा’, दुसऱ्यावर ‘सतार’ पडलं, की आम्ही कागद परत करतो. एवढ्या बाबतीत आम्ही प्रामाणिक आहोत. आमचा मालाशी संबंध नाही, हे आम्ही आधीच सांगतो. कुरियरवाला मात्र खोक्यावर पेल्याचं चित्र चिकटवून प्रेमाचा आव आणतो.

तुम्ही म्हणाल, एका भोपळ्यासाठी एवढा त्रागा कशाला? एका भोपळ्याचा प्रश्न असता तर मी तो भाजीत घातला असता. पण चाचांनी त्या मुलीला दुसरा तंबोरा स्वतःच्या पैशांनी करून पाठवला. नाव खराब होऊ नये म्हणून. एक तंबोरा फुटला की त्या घरची दोन-तीन महिन्यांची मिळकत फुटते. असं दोनदा झालं की कारागीर परदेशची मागणीच घेत नाही. आणि तिकडची मुलगी मोबाइलवरचा तंबोरा लावून रियाजाला बसते. तो फुटत नाही, त्याला हवेचं वजन लागत नाही, त्याची जवारी काढावी लागत नाही. त्याला जवारीच नसते. जे फुटत नाही तेवढंच परवडतं, असं एकदा ठरलं की जे फुटतं ते कुणी बनवत नाही. मग मिरजेला जंक्शन आणि दवाखाने उरतील.

म्हणून माझ्या मागण्या दोनच. एक : ज्या वजनाचं भाडं घेतलं, त्याच वजनाची भरपाई. टेप तर टेप, काटा तर काटा. जे असेल ते दोन्ही वेळा. दोन : मूल्य जाहीर करण्याची सोय आणि वगळलेल्या वस्तूंची यादी, दोन्ही कागदाच्या पुढच्या बाजूला, ठळक मराठीत, त्या पेल्याच्या चित्राएवढ्या आकारात. आणि हे होईपर्यंत तुम्ही तीन गोष्टी करा : पॅकिंगचे फोटो काढा, मूल्य लिहून द्या, आणि घेणाऱ्याला सांगून ठेवा की सहीच्या वेळी ‘खोकं उघडून पाहिलेलं नाही’ एवढं लिहायला जागा माग, आणि उघडून भेग दिसली तर त्याच दिवशी तक्रार लिही.

यातलं काहीच जमणार नसेल, तर कंपन्यांनी निदान ते तांबडं लेबल तरी बदलावं. ‘फ्रॅजाइल’च्या जागी ‘फुटल्यास आम्हाला सांगू नये’ असं छापावं. चित्रात पेल्याऐवजी भोपळा काढावा. तेवढं चित्र मात्र आमच्या हमालालाही बरोबर कळेल.